जिंतूरच्या रस्त्याकडेची माती

नेमगिरीची लेणी किंवा येलदरीचे धरण पाहावयास आपण जिंतुरास गेलात, तर हमरस्त्याकडेच्या काळ्या मातीकडेही एकवार पाहावे. याच मातीत कुणी आजी कोथिंबीर लावते, नातवंड खेळते. शिसेयुक्त पेट्रोल देशात २००० साली बंद झाले. परंतु त्याआधीच्या धुरातले शिसे कुजत नाही. चिकण मातीला ते वरच्या दोन-तीन बोटांतच धरून राहते. जिंतूरची माती दूषितच आहे, असे म्हणणे नव्हे. मोजल्यावाचून ते कोणी सांगू नये.

मृदा आरोग्यपत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाश यांसह १२ बाबी असतात; शिसे त्यांत नाही. ते प्रयोगशाळेस मुद्दाम सांगून तपासून घ्यावे लागते. पाच-सहा जागची वरची माती प्लॅस्टिकच्या चमच्याने घ्यावी, एकत्र कालवावी, सावलीत वाळवून द्यावी.

हाच थर रस्ता रुंद करताना उकरून टाकला, की प्रश्न बदलतो. सौम्य आम्लयुक्त पाण्यात सुमारे १८ तास घुसळून लिटरमागे ५ मिलिग्रॅम शिसे उतरले, तर २०१६ च्या नियमांनुसार तो घातक कचरा ठरतो. तेव्हा अंगणात भरावासाठी अशी माती फुकट मिळाली तरी घेऊ नये. फुकटचे आपल्याला गोड लागते, हे खरे!

वृद्धांना धोका दुहेरी. शिसे हाडांत वर्षानुवर्षे साठते आणि हाडे झिजू लागली, की पुन्हा रक्तात उतरते. अहवाल येईतो कोथिंबीर विकतच्या स्वच्छ मातीच्या कुंडीत लावावी, वहाणा उंबऱ्याबाहेर काढाव्यात, फरशी ओल्या फडक्याने पुसावी आणि नातवाचे हात जेवणापूर्वी साबणाने धुवावेत.