मालक नसलेलं वावर

प्लगिन मरतं ते गुपचूप. लेखकाला नवी नोकरी लागते, लग्न होतं, पोर होतं आणि कोड तसाच पडून राहतो. मग कधीतरी खालचं व्हर्जन बदलतं आणि सगळ्यांना जाग येते.

ह्या दिवाळीत मोझरीला घरी होतो. (आमची मोझरी म्हणजे तुकडोजी महाराजांची गुरुकुंज मोझरी, अमरावती-नागपूर रस्त्यावरची.) काका एका वाचनालयाची वर्डप्रेसवरची साईट सांभाळतात. होस्टिंगवाल्याने पीएचपी ८ टाकलं आणि साईट पांढरी फटक! लॉग पाहिला तर तिथी दाखवणारं एक छोटंसं प्लगिन 'क्रिएट_फंक्शन' वापरत होतं. हे फंक्शन २०१७ च्या पीएचपी ७.२ पासून मोडीत निघालं आणि २०२० च्या ८.० मधून काढूनच टाकलं. त्या जागी निनावी फंक्शन लिहिलं. तीन ओळींचं काम, साईट उठून बसली.

मी लॅपटॉप मिटणार तेवढ्यात काका म्हणाले, "अन् बाकी ज्यायनं हे टाकलं असंन त्यायचं काय?"

म्हटलं, "काका, लेखकच आठ वर्षांपासून गायब आहे."

"मालक नाई म्हणून वावर पडीत ठेवते का कोनी?"

आता बोला!

तर वाटा दोन. वर्डप्रेसच्या डिरेक्टरीतलं प्रत्येक प्लगिन जीपीएलशी सुसंगत परवान्याखाली असतं, त्यामुळे कुणीही त्याचा फोर्क काढू शकतो. पण जुनं प्लगिन वापरणाऱ्यांना हा फोर्क आपणहून मिळत नाही, प्रत्येकाला तो शोधून बसवावा लागतो. दुसरी वाट दत्तक घ्यायची. आधी लेखकाला विचारायचं. उत्तर नाही आलं तर दुरुस्त केलेला कोड घेऊन प्लगिन टीमकडे अर्ज करायचा. मंजूर झाला तर अपडेट सगळ्यांना त्याच जागेवरून मिळतं.

पण किल्ली कुणाच्या हातात द्यायची, हा खरा घोळ. २०१८ मध्ये 'इव्हेंट-स्ट्रीम'च्या कंटाळलेल्या लेखकाने मदतीला आलेल्या अनोळखी माणसाला पॅकेज देऊन टाकलं. त्याने त्यात बिटकॉइन वॉलेट लुटणारा कोड घुसवला. २०२४ मध्ये 'एक्सझेड'चं प्रकरण उघडकीस आलं. तिथं तर घुसखोराने दोन वर्षांहून जास्त काळ नीट काम करून विश्वास कमावला होता. दोन्हीकडे मूळ दुखणं एकच: एकटा, थकलेला माणूस.

मला वाटतं, मालक बदलून हे सुटत नाही. अहो, मीसुद्धा उद्या थकेनच की! इथं उत्तर गावातच सापडतं. आश्रम १९३५ चा, महाराज गेले १९६८ साली. गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना मात्र आजही होते. एक जण आला नाही म्हणून ती अडत नाही, कारण ती मुळातच सगळ्यांनी मिळून म्हणायची.

म्हणून आम्ही तिघांनी मिळून अर्ज केलाय. एक पुण्याचा, एक नागपूरचा आणि मी. नियम दोनच. एकाने लिहिलेला बदल दुसऱ्याने वाचल्याशिवाय आत जाणार नाही. आणि कुणाला सोडायचं असेल तर आधी सांगायचं, गुपचूप गायब व्हायचं नाही. मूळ लेखकाचं नाव पहिल्या ओळीत तसंच राहील. वावर त्याचंच, आम्ही फक्त वखर चालवतोय.

तुमच्या साईटवरचं एखादं प्लगिन शेवटचं कधी अपडेट झालं, हे ह्या रविवारी बघाच. आणि जमलं तर त्याच्या लेखकाला दोन ओळी लिहा. तक्रार नको, नुसतं "काही मदत करू का?" एवढंच.