वाचणारा हवा

नाशकात पंचवटीला किंवा पलीकडे त्र्यंबकेश्वरला गेलात, की तीर्थोपाध्याय आधी गाव विचारतात, मग आडनाव. कपाटातून वही निघते आणि तुमचे पणजोबा इथे येऊन गेल्याची नोंद सापडते. पान जीर्ण झालं तर मजकूर नव्या वहीत उतरवतात. पण जुन्या नोंदी मोडीत असतात. शाई शाबूत, कागद शाबूत, आणि मोडी वाचणारा कुणी नसेल, तर पणजोबा असून नसल्यासारखे.

संगणकातही हे असंच होतं, हे मला रविवार कारंजाजवळच्या एका फोटो स्टुडिओत कळलं. स्टुडिओ वडिलांच्या मित्राचा. काकांनी सेकंडहँड सर्व्हर घेतला होता, त्यात दोन-दोन टीबीच्या चार डिस्क, त्या सांभाळणारं एक रेड कार्ड आणि लिनक्ससाठी वेगळी छोटी डिस्क. बारा वर्षांची लग्नं, मुंजी, बारशी त्यात होती. एक दिवस ती छोटी डिस्क मेली.

त्याच आठवड्यात एक मुलगी आली होती. तिचं लग्न २०१४ चं. वडील २०२१ मध्ये कोविडमध्ये गेले. अल्बममध्ये नसलेले वडिलांचे फोटो तिला हवे होते. काका तिला म्हणाले होते, "आहेत गं, सगळे आहेत." मग मला फोन आला.

रेडची कल्पना १९८८ ची. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी निबंधात मांडलं, की एका महागड्या डिस्कऐवजी बऱ्याच स्वस्त डिस्क एकत्र बांधा. स्वस्त डिस्क मरणारच, म्हणून थोडी जादा माहिती ठेवा. समजा, तीन डिस्कवर ५, ३ आणि ९ लिहिलं आणि चौथीवर बेरीज, १७. कुठलीही एक गेली, तरी उरलेल्या तिघींवरून तिचा आकडा काढता येतो. खरं गणित बेरजेचं नाही, एक्सॉरचं असतं आणि ही 'बेरीज' चारही डिस्कवर फिरती ठेवतात. पण युक्ती हीच. म्हणून काकांच्या आठ टीबीतून वापरायला सहाच मिळत होते.

फोटोंचे तुकडे कुठल्या डिस्कवर, कुठल्या क्रमाने आहेत, हे मात्र ते कार्डच जाणतं. एकच डिस्क काढून घरच्या पीसीला लावली, तर हाती काही लागत नाही. आणि कार्डाशी बोलायला ऑपरेटिंग सिस्टीमला ड्रायव्हर लागतो.

नव्या डिस्कवर मी एका नामांकित लिनक्स वितरणाची ताजी आवृत्ती टाकली. सगळं सुरळीत झालं, फक्त सहा टीबी गायब. काकांनी माझ्याआधी एका दुरुस्तीवाल्याला विचारलं होतं. तो म्हणाला होता, "कार्डाच्या मेनूत जाऊन ॲरे नव्याने बनवा, लगेच दिसेल." दिसला असता, रिकामा.

"गेले का रे फोटो?" काकांनी विचारलं.

"थांबा काका, अजून कशालाच हात लावायचा नाही."

कार्डाच्या मेनूत चारही डिस्क ठणठणीत होत्या. लिनक्समध्ये एलएसपीसीआय ही आज्ञा दिली, तर यादीत कार्डही होतं. फक्त इतर भागांखाली 'वापरात असलेला ड्रायव्हर' अशी ओळ होती, ती त्याच्याखाली नव्हती. मग डेबियनचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावून तोच सर्व्हर सुरू केला. सहा टीबी समोर! कार्ड तेच, डिस्क त्याच, वाचणारा वेगळा.

प्रत्येक कार्डाला दोन ओळखक्रमांक असतात. याचे होते १००० आणि ००७९, पहिला बनवणाऱ्या कंपनीचा, दुसरा त्या चिपचा. ड्रायव्हरच्या आत अशा क्रमांकांचा तक्ता असतो, आणि त्यात क्रमांक असेल तरच तो कार्ड ताब्यात घेतो. मेगारेड-सास हा ड्रायव्हर दोन्हीकडे होता. लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये आमचा क्रमांक शाबूत होता, या वितरणाने तो वगळला होता. त्यांचंही बरोबर आहे. इतक्या जुन्या कार्डाची चाचणी घ्यायची नसेल, तर हमी तरी कशी देणार? पण त्या एका नोंदीमुळे बारा वर्षं दिसेनाशी झाली होती.

स्टुडिओचा बाकी कारभार याच वितरणावर बसवायचा होता, म्हणून ड्रायव्हरच परत आणायचं ठरवलं. मूळ कोड खुला असल्यामुळे ते शक्य होतं. ईएलरेपो नावाचा स्वयंसेवकांचा प्रकल्प असे वगळलेले ड्रायव्हर पुन्हा बांधून देतो. त्यांची सही तपासायची किल्ली घेतली, भांडार जोडलं, आपल्या आवृत्तीचं पॅकेज बसवलं, सर्व्हर पुन्हा सुरू केला. ती हरवलेली ओळ कार्डाखाली आली. ॲरे आधी फक्त वाचण्यापुरता जोडला, चुकूनही काही लिहिलं जाऊ नये म्हणून.

२०१४ चा फोल्डर उघडला. काकांनी स्वतः फोटो शोधले. मांडवाच्या कोपऱ्यात एक गृहस्थ खुर्च्या मोजत होते, कॅमेऱ्याकडे लक्षच नाही. "हेच," काका म्हणाले, आणि मला चहा सांगायला गेले.

ड्रायव्हर आला म्हणून काम संपलं नव्हतं. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. एक डिस्क मेली तर रेड वाचवतो. कार्ड जळलं, कुणी फोल्डर पुसला किंवा गोदेचं पाणी दुकानात आलं, तर नाही. चार टीबी फोटो वेगळ्या डिस्कवर उतरवायला, ताशी चारशे जीबीच्या वेगाने, दहा तास लागले. ती डिस्क आता काकांच्या घरी असते. कर्नलचं मोठं अपडेट आलं, की त्याला जुळणारं पॅकेज आलंय का, हे आधी बघावं लागतं. कधीतरी ते येणं थांबेल. त्याआधी फोटो नव्या घरी न्यायचे आहेत.

सर्व्हरच्या झाकणाच्या आतून मी एक कागद चिकटवला. कार्डाचं नाव, दोन क्रमांक, ड्रायव्हर कुठून आणला, डिस्क डावीकडून कुठल्या क्रमाने लावल्यात आणि खाली ठळक अक्षरात, 'ॲरे नव्याने बनवू नका.' काकांनी तो वाचून पाहिला आणि विचारलं, "मराठीत लिहिलंयस, पुढच्याला कळेल ना?" मग त्यांनीच पेन घेऊन खाली तारीख टाकली.