वारा वळेपर्यंत

आमचे गाव समुद्रापासून फार दूर. उन्हाळा आला की पाण्याच्या टँकरची वाट पाहायची, हा तिथला नेम. तेथील मुलांनी एवढे पाणी एके ठिकाणी कधी पाहिलेच नव्हते. म्हणून २००९ च्या नोव्हेंबरात शाळेची सहल मुरूडला नेण्याचे मी ठरविले. प्रथम जंजिरा पाहायचा आणि मग राजपुरीहून लाँचने खाडी ओलांडून दिघीला उतरायचे, असा आमचा बेत होता.

११ नोव्हेंबरला सकाळी आम्ही राजपुरीच्या धक्क्यावर पोचलो. आभाळ झाकोळून आले होते. पावसाची रिपरिप चालू होती. समोर पाण्यात जंजिरा उभा होता. ‘जझीरा’ म्हणजे अरबी भाषेत बेट. त्यावरूनच हे नाव पडले. सिद्दीचा हा किल्ला जिंकण्यासाठी संभाजी महाराजांनी १६८२ साली समुद्रात दगड टाकून वाट बांधावयास घेतली होती. हे सारे ऐकताना मुलांचे डोळे किल्ल्यावर खिळले होते. शिडाची होडी मात्र दोराने घट्ट बांधलेली होती.

“आज होडी सुटायची नाही, गुरुजी,” म्हातारा तांडेल म्हणाला.

“अहो, किल्ला तर हाकेच्या अंतरावर दिसतो आहे!”

“दिसतो जवळ, पण होडी थेट दरवाज्याच्या पायऱ्यांना लावावी लागते. लाट आली की होडी उचलली जाते आणि पायरीवर आपटते. पोरांनी पाय कुठे ठेवायचा? आणि बघा, इथे वारा फारसा नाही, तरी लाटा केवढ्या येताहेत! दूर कुठेतरी समुद्र खवळला आहे.”

मुलांचे उतरलेले चेहरे मला पाहवेनात. मी दुप्पट भाडे देऊ केले. तांडेलाने माझ्याकडे रोखून पाहिले.

“हे पैसे पोरांच्या आईबापांना विचारून देताय का, गुरुजी?”

माझी मान खाली गेली. आम्ही निमूटपणे मुरूडला परतलो.

दुपारी वादळ आले. त्याचे नाव ‘फयान’. वाऱ्याच्या घोंघावण्यापुढे एकमेकांचे बोलणे ऐकू येईना. सुपारीची उंच झाडे वेताच्या छडीसारखी वाकत होती. मुले मला बिलगून बसली. सकाळचा माझा हट्ट आठवून माझ्या अंगावर काटा आला.

अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान वादळ किनारा ओलांडून गेल्याचे नंतर कळले. कोकणातील कितीतरी मच्छीमार परतले नव्हते. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर काही बायका समुद्राकडे डोळे लावून उभ्या होत्या. एकही मूल ‘होडी केव्हा सुटणार?’ असे विचारीना. तो सबंध दिवस तांडेलाने मुलांना दोराच्या गाठी शिकविल्या. मुलांनी वाळूत काठी रोवून भरती-ओहोटीची खूण धरली.

१३ तारखेला समुद्र निवळला. तांडेलाने स्वतःच्या हाताने दोर सोडला. किल्ल्याचा दरवाजा दुरून दिसतच नाही. अगदी जवळ गेल्यावर तो दोन बुरुजांच्या आडून एकदम पुढे येतो. तांडेलाने एकेका मुलाचा हात धरून त्याला पायरीवर उतरविले. आत गोड्या पाण्याचा विस्तीर्ण तलाव होता. भोवती सारा खारा समुद्र आणि मधोमध गोडे पाणी! आमची मुले त्याच्या काठावर कितीतरी वेळ गप्प उभी राहिली.

दुपारी आम्ही दिघीच्या लाँचमध्ये बसलो. तांडेल धक्क्यावरून हात हालवीत होता आणि मुलेही त्याला हात हालवीत होती.

सहलीला मुलांना मी घेऊन गेलो होतो. पण त्या सकाळी त्यांच्या आईबापांची आठवण ठेवली ती त्याने. जंजिऱ्याचे चित्र पुढे पुष्कळ मुलांच्या वह्यांत उमटले. माझ्या डोळ्यांपुढे मात्र अजूनही उभी राहते ती दोराने बांधलेली होडी.