सामाईक गंज

पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी एक खुलासा प्रारंभीच केलेला बरा. आमच्या चंद्रपूरकडे गंज म्हणजे लोखंडावर चढतो तो नव्हे. तोही चढतो म्हणा, पावसाळा काही कमी नसतो. पण आम्ही गंज म्हणतो ते भात-वरण शिजवायच्या मोठ्या पातेल्याला. गोंडपिपरीला माझी थोरली बहीण असते. तिच्या बचत गटाने काही वर्षांपूर्वी असे चार गंज, दोन कढया, पराती, झारे आणि पन्नास ताटे विकत घेतली. गल्लीत लग्न निघो, बारसे निघो की तेरवी; भांडी ताईकडून जातात आणि ताईकडे परत येतात. कोणी काय नेले, कधी आणले आणि आणताना ते कसे होते, हे एका लांब वहीत लिहिलेले असते. 'मोठा गंज, एक कान हालतो' अशी नोंद मी स्वतः वाचली आहे.

मी नागपूरला एका लहानशा कचेरीत मोबाइलची ॲपे तयार करतो. माझा धंदा नेमका काय हे घरच्यांना समजावून सांगणे मला आजवर साधलेले नाही. एकदा सौभाग्यवतींनी शेजारी सांगितले, की हे दिवसभर लायब्ररीचे काम करतात. दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजोबांनी मला दोन कादंबऱ्या बदलून आणायला दिल्या. मी मुकाट्याने त्या घेऊन गेलो आणि बदलून आणल्या. खुलासा करण्यापेक्षा ते सोपे होते.

पण सौभाग्यवतींचे म्हणणे खोटे नव्हते. आमच्या कचेरीतून तीन ॲपे निघत: एक बचत गटांच्या हिशेबाचे, एक दूध संकलनाचे आणि एक शाळेच्या फीचे. कामे तीन, पण तिन्हींत तारीख लिहावी लागते, रुपयांचा आकडा मांडावा लागतो, नोंद फोनमधून दूरच्या संगणकाकडे पाठवावी लागते. ही कामे तीनदा लिहिण्यात शहाणपण नाही. म्हणून ती एकदाच लिहून एका जागी ठेवायची आणि तिन्ही ॲपांनी तेथून उचलायची. अशा जागेला लायब्ररी म्हणतात. आमची लायब्ररी मी बांधली होती आणि खोटे कशाला सांगू, मला तिचा मोठा अभिमान होता. नवीन मुले कचेरीत आली की मी त्यांना ती दाखवीत असे. नवे घर बांधलेला माणूस पाहुण्याला मोरीपर्यंत नेऊन दाखवतो, तशी.

२०२२ च्या मे महिन्यात एका लग्नासाठी मी गोंडपिपरीला गेलो होतो. ताई बचत गटाची सचिव. आमचेच ॲप वापरून हिशेब ठेवायची. फोन मात्र इंग्रजीत. अडखळत, बोटाने अक्षर लावीत ती तो चालवीत असे. मला ते पाहवेना. मी तिचा फोन घेतला आणि दोन मिनिटांत सगळा मराठीत करून दिला. "घे, आता आपल्या भाषेत वाच," मी म्हणालो. वर मोठेपणाने असेही म्हणालो, की आता ती पैशाची वही बंद कर. एकच हिशेब दोनदा कशाला लिहायचा? ताईने भांड्यांची वही ठेवली आणि पैशाची बंद केली.

ऑगस्टच्या मध्यावर तिचा फोन आला.

"बाबू, तुह्या ॲपनं माही लाज काढली."

गटाच्या बैठका दर महिन्याच्या पाच तारखेला होत. बारा बायका, शंभर-शंभर रुपये. जून, जुलै, ऑगस्ट असे तीन महिने ताईने प्रत्येकीचे पैसे घेतले, फोनवर नोंद केली, फोनने 'पाठवले' असे सांगितले. आणि हिशेब तपासायला आलेल्या बाईंच्या यादीत मे महिन्यानंतर एकही नोंद नाही! बचतीचे ३,६०० रुपये, शिवाय कर्जाचे हप्ते. थोडी रक्कम बँकेत, थोडी दोघींना धानाच्या रोवणीसाठी दिलेली, थोडी ताईच्या पेटीत. सगळे जिथल्या तिथे होते. पण ते तसे आहे हे सांगणारा कागद कोठेच नव्हता. तो मी बंद करवला होता.

"बायका काय म्हणाल्या?" मी विचारले.

"कोनी काही म्हनलं नाही रे. पन आता बैठकीले सगळ्या आपापली वही घेऊन येतात."

हे वाक्य मला आजही कधी कधी रात्री आठवते.

मी कामाला लागलो. माझ्या फोनवर ॲप उत्तम चालत होते. माझा फोन इंग्रजीत. कचेरीत हिंदीत ठेवलेलाही एक फोन होता. त्यावरही ते उत्तम चालत होते. हिंदीत चालते तर मराठीत चालेलच, लिपी तर एकच, असे आम्ही दोन वर्षे धरून चाललो होतो. आमच्या कचेरीत नऊ माणसे आणि त्यांतली सात मराठी. पण मराठीत ठेवलेला फोन एकाचाही नव्हता.

शेवटी मी माझाच फोन मराठीत केला आणि नोंद पाठवून पाहिली. दूरच्या संगणकाने ती तत्काळ परत लावली. कारण तारीख त्याच्याकडे गेली ती अशी: २०२२-०८-०५. तुम्हा-आम्हाला यात वावगे काय ते कळणार नाही. या अंकातही वर्षे अशीच छापलेली आहेत. परंतु त्या संगणकाला इंग्रजी अंकांची सवय. आपला पाच आणि इंग्रजी पाच यांचे सांकेतिक क्रमांक निरनिराळे असतात. त्याच्या लेखी ते दोन परके जीव. ही तारीखच नव्हे, असे म्हणून त्याने नोंद नाकारली.

हिंदीत हे का झाले नाही? जगातल्या भाषांच्या रीतिभातींची एक मोठी जंत्री युनिकोडची मंडळी राखतात आणि जगभरचे फोन तिच्यावर चालतात. कोणत्या भाषेत महिन्याला काय म्हणतात, आठवड्याचा पहिला वार कोणता, अंक कोणते वापरतात, असे सारे तीत असते. या जंत्रीत हिंदीपुढे इंग्रजी अंक आहेत आणि मराठीपुढे देवनागरी. जंत्री बरोबरच आहे. चूक माझी होती. तारीख माणसाला दाखवायची असेल तर फोनच्या भाषेत लिहावी. यंत्राला पाठवायची असेल तर ठराविक तटस्थ रीतीने लिहावी, असा एक शब्द घालून तसे सांगावे लागते. अँड्रॉइडच्या कागदपत्रांत ही सूचना स्पष्ट दिलेली आहे. मी तो शब्द घातला नव्हता.

तेवढ्यावर भागते तरी ठीक होते. नोंद परत आल्यावर ॲपने ओरडायला हवे होते. पण लायब्ररीत दुसऱ्या एका ठिकाणी मी असे लिहून ठेवले होते, की समोरून उत्तर आले म्हणजे काम झाले. उत्तर नकाराचे आहे की होकाराचे, हे पाहिलेच नव्हते. वधूपक्षाकडून पत्र आले एवढ्यावर, ते न फोडताच, मांडव घालण्यापैकी हा प्रकार. नकार येत होते आणि ताईच्या फोनवर 'पाठवले' असे झळकत होते.

आणि हे तिन्ही ॲपांत. दुधाच्या आणि शाळेच्या ॲपातही मराठी फोनांच्या नोंदी अशाच गळाल्या होत्या. कितीतरी दूधवाल्यांनी तक्रारही केली नसेल. यंत्रच म्हणते म्हणजे आपलेच काही चुकले असेल, असे आपल्याकडे फार लोकांना वाटते.

दुरुस्तीला अर्धा तास लागला. एके ठिकाणी केली आणि ती तिघांचीही झाली. सामाईक वस्तूचा हा गुण नाकारून चालणार नाही. पण अँड्रॉइडवर लायब्ररी प्रत्येक ॲपाच्या पोटात शिजवून घालावी लागते. लायब्ररी सुधारली, तरी तिन्ही ॲपे पुन्हा बांधायची, पुन्हा प्रसिद्ध करायची. मग ज्याच्या त्याच्या फोनने ती उतरवून घ्यायची. ताईचा फोन काही केल्या नवे ॲप घेईना. त्यात जागाच नव्हती.

पोळ्याच्या आठवड्यात मी चंद्रपूरहून एसटीने निघालो. बल्लारपूर, कोठारी करीत गाडी जाते. कोठारीच्या पुढे रान दाट होते. शेजारी गोंडपिपरीचे एक गृहस्थ बसले होते. गोष्टी पाचगावच्या निघाल्या. आमच्याच तालुक्यातले हे गाव. २०१२ साली त्याला हजार हेक्टरांहून अधिक जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि ग्रामसभा आपला बांबू आपण विकू लागली. तेंदूपाने तोडण्यापायी जंगलाची हानी होते म्हणून त्या उत्पन्नावर गावाने स्वतः पाणी सोडले. नियम सगळे सभेत बसून केलेले. एरवी मी हे कौतुकाने ऐकले असते. त्या दिवशी खिडकीबाहेर बघत बसलो.

ताईने चहा दिला आणि समोर बसली. मी तिला सारे समजावून सांगितले. लायब्ररी म्हणजे काय ते सांगताना तिच्याच गंजांचा दाखला दिला. ती चटकन म्हणाली,

"म्हंजे गंजाले भोक होतं, अन् ज्याच्या ज्याच्या घरी नेला त्याच्या घरी वरन सांडलं."

"तसंच."

"मंग कोनाच्या हातून पडला, ते लिवून ठेवत नाही का तुम्ही?"

ठेवतो. आमच्याकडेही वही असते. कोणत्या दिवशी, कोणती ओळ, कोणी लिहिली, कशासाठी, सगळे तीत नोंदले जाते. मी ती नागपूरलाच उघडून पाहिली होती. त्या ओळीसमोर माझे नाव होते आणि कारणाच्या रकान्यात मी लिहिले होते: 'किरकोळ सुधारणा'.

हे मी ताईला सांगितले. ती काही बोलली नाही. चहाचे कप उचलून आत गेली.

संध्याकाळी बायका जमल्या. फोनमध्ये नोंदी शाबूत होत्या, फक्त पोचल्या नव्हत्या. मी ताईला म्हटले, तू आधी तोंडी सांग, मी लिहितो. मग फोनशी ताडून पाहू. तिने जूनपासून एकेकीचे नाव घेऊन सांगायला सुरुवात केली. कोणी शंभर दिले, कोणी पन्नास देऊन उरलेले आठ दिवसांनी आणले, कोणाचा हप्ता कितीचा. बायका आपापल्या वह्यांत बघत होत्या आणि एकेक वही मिटत होती. फरक निघाला तो एका ठिकाणी, दहा रुपयांचा. फोनमध्ये पन्नास, ताईच्या तोंडी साठ. जिचे पैसे होते तिच्या वहीतही साठ. ताईचेच बोट चुकले होते. एक म्हातारी खुदकन हसली आणि मग सगळ्याच हसल्या.

मी फोनमधली सकाळच्या शुभेच्छांची शेकडो गुलाबफुले पुसून जागा केली आणि नवे ॲप घातले. नोंदी गेल्या. पडद्यावर 'दुसऱ्या हप्त्याची नोंद' अशी अक्षरे होती. माझी नजर त्या 'ऱ्या'वर खिळली. हा अर्धा र बहुतेक मराठीचाच. हिंदीला त्याची गरज नाही. अक्षरे जुळवून पडद्यावर मांडण्याचे काम फोनमध्ये हार्फबझ नावाची लायब्ररी करते. तीही अशीच सामाईक, फुकट, जगभरच्या असंख्य फोनांत बसलेली. फारसीत हर्फ म्हणजे अक्षर आणि बाज म्हणजे उघडे, त्यावरून नाव. तिचा प्रमुख कर्ता बेहदाद इस्फहबोद हा इराणी. त्याला नि त्याच्या सोबत्यांना मराठी येत असण्याचे कारण नाही. पण जगात कोठेतरी कोणाला 'दुसऱ्या' लिहावे लागते, याची तजवीज त्यांनी करून ठेवली होती. आणि मी गोंडपिपरीच्या शाळेत बाराखडी गिरवलेला माणूस!

अशा गोष्टी मोठ्या ठिकाणीही होतात, हे मी स्वतःच्या समाधानासाठी आठवून पाहिले. २०१६ च्या मार्चमध्ये एका गृहस्थाने रागाच्या भरात आपली अकरा ओळींची लायब्ररी सामाईक फडताळातून काढून घेतली. काम काय, तर शब्दाच्या डाव्या बाजूला जागा भरणे. जगभरच्या नामांकित कंपन्यांची कामे काही तास ठप्प झाली. झारा हरवला म्हणून पंगत खोळंबावी तशी. समाधान मात्र झाले नाही. त्या कंपन्यांत कोणी वही घेऊन बैठकीला आले नव्हते.

आता आमच्या कचेरीत लायब्ररीत काहीही बदलले की ती आधी मराठी फोनवर चालवून पाहतात. नवीन मुले विचारतात, मराठीच पहिली का? मी त्यांना लायब्ररी पूर्वीसारखी दाखवीत नाही. ती ओळ आणि तिच्यासमोरचे नाव तेवढे दाखवतो.

मागे दिवाळीच्या आधी ताईचा फोन आला होता. फराळाचे, पाहुण्यांचे बोलणे झाल्यावर तिने आजारी नातलगाची करावी तशी चौकशी केली.

"तुही लायब्ररी आता बरी हाय ना?"

"बरी आहे."

"बरं. येशील तेव्हा दोन लांब वह्या घेऊन ये. एक भांड्यांची अन् एक पैशाची. इथं पातळ कागदाच्या भेटतात."