पेस्टच्या खोक्याची मगर

वस्तू संपली की तिचे वेष्टन कचरा झाले, हा हिशेब मराठी घरांना कधी पुरता पटला नाही, आणि विरार पूर्वेच्या मनवेलपाड्यासारख्या दाट वस्तीत, जिथे जागेची चणचण असूनही माळ्यावर बुटांची खोकी, मिठाईचे डबे आणि कुरिअरचे पुठ्ठे जपून ठेवलेले असतात, तो आजही पटलेला दिसत नाही. रद्दीवाला येईपर्यंतच्या मुदतीत मुलांचे हात त्या ढिगापर्यंत पोहोचतात, आणि पेस्टच्या खोक्याची मगर, साबणाच्या खोक्याचा हत्ती, अंड्यांच्या ट्रेमधल्या एका वाटीचे कासव अशी जनावरे घरात वावरू लागतात. शाळांतून या उद्योगाला ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणण्याची रीत आहे. मात्र कोकणपट्टीच्या पावसाळी दमटपणात पुठ्ठ्याचा हत्ती फार दिवस उभा राहत नाही, आणि त्याचे मोल टिकण्यात शोधणे व्यर्थ आहे.

या उद्योगाचा आयुष्यातला आरंभ हातात कात्री येण्याच्या बराच आधी होतो. अडीच वर्षांचे मूल रिकामे खोके दोरीने ओढते आणि त्याला ‘भू-भू’ म्हणते, तेव्हा त्या खोक्याला कान नसतात की शेपूट नसते. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी अशा खेळाला प्रतीकात्मक खेळ म्हटले, म्हणजे समोरची वस्तू समोर नसलेल्या वस्तूच्या जागी धरून चालणारा खेळ. पुढे चार-पाच वर्षांच्या सुमारास मुलाचे एवढ्यावर भागत नाही. जनावर जनावरासारखे दिसावे असे त्याला वाटू लागते, आणि ते खोकी नुसती उचलण्याऐवजी निवडू लागते. किंडरगार्टनचा प्रवर्तक फ्रेडरिक फ्रोबेल याने मुलांसाठी आखलेल्या लाकडी साधनांत गोल, दंडगोल आणि घन एका संचात ठेवले होते. यांपैकी घनाच्या जवळचा आकार काड्यापेटीत आणि दंडगोल फॉइलच्या नळीत विनासायास हाती येतो.

खरे शिक्षण खोके उलगडताना घडते. पेस्टचे किंवा औषधाचे खोके ज्या जाड कागदाचे असते त्याला त्या धंद्यात डुप्लेक्स बोर्ड म्हणतात. त्याची बाहेरची बाजू पांढरी, गुळगुळीत आणि छापलेली, तर आतली बाजू बहुधा रद्दीच्या लगद्याची, करडी आणि खरखरीत असते. चकचकीत बाजूवर फेव्हिकॉल नीट धरत नाही आणि जलरंग ओघळतो, म्हणून जाणता हात खोक्याची चिकटवलेली कड नखाने अलगद सोडवतो, खोके जमिनीवर सपाट पसरतो आणि करडी बाजू वर येईल असे पुन्हा जुळवतो. गणिताच्या पुस्तकात पुढे ‘घडण’ म्हणून भेटणारी आकृती, म्हणजे घन वस्तूचा उलगडलेला सपाट नकाशा, मुलाला येथे प्रथम दिसते. कुरिअरच्या पुठ्ठ्याची शिकवण वेगळी आहे. दोन सपाट कागदांच्या मध्ये नागमोडी कागदाचा थर असलेला हा पुठ्ठा त्या नळ्यांच्या दिशेने सहज दुमडतो आणि आडवा दुमडू पाहिला तर वेडावाकडा मोडतो. म्हणून हत्तीचे पाय कापताना नळ्या उभ्या ठेवाव्या लागतात, नाहीतर हत्ती रंग वाळण्याआधीच गुडघे टेकतो. हे सांगून कळत नाही, एक हत्ती बसल्यावरच कळते, आणि तो बसला तरी कोणी रागावत नाही, कारण खोके फुकटचे असते. बिघडवण्याची मोकळीक हेच या साहित्याचे सर्वांत मोठे वैभव आहे.

फुकटच्या साहित्यातून शिकण्याच्या या विचाराला याच जिल्ह्यात भक्कम पूर्वपरंपरा आहे. विरारहून आज जी लोकल डहाणूपर्यंत जाते, त्याच मार्गावर पुढे बोर्डी येथे ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, आणि अनुताई वाघ यांच्या साथीने ते पुढे कोसबाडच्या टेकडीवर वाढले. माँटेसोरी पद्धतीची महागडी साधने आदिवासी पाड्यांना परवडणारी नव्हती, तेव्हा या दोघींनी शिंपले, बिया, खडे आणि पाने यांना साधनांचा दर्जा दिला. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेत अरविंद गुप्ता यांनी काड्यापेट्या, सायकलच्या व्हॉल्व्हट्यूब आणि रिकाम्या बाटल्यांपासून विज्ञानाची खेळणी करून तीच वाट आणखी रुंद केली.

कोठारी आयोगाने (१९६४–६६) सुचवलेला कार्यानुभव, म्हणजे हाताने काम करून शिकणे, शाळांत रुजला खरा, पण पुष्कळ ठिकाणी त्याचे ‘प्रोजेक्ट’ झाले. आदल्या रात्री स्टेशनरीच्या दुकानातून रंगीत कागद, चकाकी आणि डोळ्यांच्या टिकल्या आणायच्या, आईवडिलांनी जागून जनावर सिद्ध करायचे आणि मुलाने ते सांभाळून शाळेत न्यायचे, हा क्रम कोणत्याही पालकाच्या ओळखीचा आहे. विकत घेतलेल्या साहित्याला मूल बिचकते आणि मोठ्यांच्या सफाईपुढे गप्प होते. शिवाय टिकल्या आणि चकाकी चिकटवलेला पुठ्ठा रद्दीवालाही घेत नाही, म्हणजे कचरा उलट वाढतो. ज्यांना पर्यावरणाची आस्था आहे त्यांनी गव्हाच्या पिठाची खळ आणि घरचा रंग एवढ्यावर भागवावे, हे बरे.

आयुष्याच्या पुढच्या टप्प्यावर तोच माणूस आई, बाप किंवा आजोबा होऊन पुन्हा खोक्यापाशी बसतो, तेव्हा त्याचे काम ब्लेडने कापण्यापुरते असावे. तोंड, डोळे आणि जनावराचे नाव मुलाकडे राहावे. फार तर जनावर कोणते करावे हे मोठ्या माणसाने सुचवावे, कारण चित्रांच्या पुस्तकांमुळे मुले जिराफ आणि झेब्रे करतात आणि वसईलगतच्या तुंगारेश्वर अभयारण्यातला बिबट्या राहून जातो. बुटांच्या खोक्याचे धड, फॉइलच्या नळीची शेपटी आणि करड्या पुठ्ठ्यावर हळदीचा पिवळा हात पुरे होतो; ठिपक्यांसाठी मात्र बोट न वापरता स्केचपेनचे टोपण काळ्या रंगात उलटे बुडवून उमटवावे, कारण बिबट्याच्या अंगावरचे ठिपके भरीव नसून मध्ये पोकळ असतात, आणि भरीव ठिपके उमटले तर तयार होतो तो चित्ता.