जामीनदार बदलताना

कोकणच्या किनाऱ्यावरील माणसाला दर्यापारची चाकरी नवी नाही. जोग नदी जेथे समुद्राला मिळते त्या आंजर्ल्यातून, शेजारच्या हर्णैतून आणि केळशीतून माणसे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस आणि मुंबईहून पुढे परमुलखात जात आली. ब्रिटिश आगबोट कंपन्यांच्या जहाजांवर डेकवरचे खलाशी म्हणून रत्नागिरी जिल्ह्यातील माणसांची भरती होत असे. त्या खलाशांच्या करारात एक कळीची अट असे. परक्या बंदरात नोकरी सोडण्याची मुभा नव्हती; करार संपायचा तो हिंदुस्थानच्या बंदरात परतल्यावरच. मालक कसाही निघो, जहाज मध्येच सोडणे हा गुन्हा ठरे.

आगबोटी गेल्या, विमाने आली. खलाशाच्या जागी आता हिशेबनीस, अभियंता आणि संगणकतज्ज्ञ परदेशी जातो. परंतु ती जुनी अट पुरती नाहीशी झालेली नाही. मालकाने प्रायोजित केलेल्या व्हिसावर राहणाऱ्या माणसाची नोकरी आणि त्या देशातील वास्तव्य ही दोन्ही एकाच खुंटीला टांगलेली असतात. खुंटी निखळली की दोन्ही एकदम खाली येतात.

आखाती देशांत या व्यवस्थेला ‘कफाला’ म्हणतात. अरबीत ‘कफील’ म्हणजे जामीनदार. व्यापारी घरांना जामीन हा शब्द परिचित आहे. आपल्याकडे ऋणको आपला जामीनदार स्वतः निवडतो, आणि जामीनदार हा बहुधा त्याचा आप्त किंवा स्नेही असतो. कफाला पद्धतीत मात्र जामीनदार आणि पगार देणारा धनी हा एकच असतो. ज्याच्याविरुद्ध तक्रार करावयाची त्याच्याच सहीवर राहण्याचा परवाना अवलंबून, असा हा पेच आहे.

आंजर्ल्यात किराणा आणि सुपारीचा व्यापार करणाऱ्या एका जैन कुटुंबाने हा पेच २०२० मध्ये अनुभवला. घरातील मुलगा वाणिज्य शाखेचा पदवीधर; २०१७ पासून कतारमध्ये दोहा येथे एका व्यापारी आस्थापनेत हिशेबाचे काम पाहत होता. करोनाच्या टाळेबंदीत त्याचा पगार निम्म्यावर आला आणि तोही दोन-दोन महिने थकू लागला. अशातच ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर आदळले. घरामागच्या वाडीतील पोफळी आणि माड आडवे झाले, दुकानाचे पत्रे उडाले, कित्येक दिवस वीज नव्हती. पोफळ नव्याने लावली तर फळ धरण्यास पाच-सात वर्षे जातात. तोपर्यंत घराचा आधार म्हणजे दोह्याहून येणारी रक्कम, आणि तीच आटली होती.

जुलैमध्ये मुलाला दोह्यातच दुसरीकडून बोलावणे आले. पगार नियमित आणि काम ओळखीचे. परंतु कतारमधील तेव्हाच्या नियमांनुसार कराराच्या मुदतीत नोकरी बदलण्यास आधीच्या धन्याचे ना हरकत प्रमाणपत्र आवश्यक होते, आणि धनी ते देईना. पुढे सप्टेंबर २०२० मध्ये कतार सरकारने कायदा बदलून ही अट काढून टाकली. नोकरीस दोन वर्षांपर्यंत झाली असल्यास एक महिन्याची आणि त्याहून अधिक झाली असल्यास दोन महिन्यांची सूचना मंत्रालयाच्या संगणकीय व्यवस्थेतून द्यावी, एवढेच बंधन राहिले.

वाट मोकळी झाली, पण खरी अडचण घरातूनच आली. वडील चाळीस वर्षे दुकानाच्या गादीवर बसलेले. त्यांना हा बदल धन्याशी केलेल्या दग्यासारखा वाटला. फोनवर ते म्हणाले, “अरे, त्यानं तुला तिकडे नेलं, व्हिसाचा खर्च केला. आता त्याचे वाईट दिवस आले तर तू पाठ फिरवणार? आपल्या घरात असं कुणी केलं नाही.”

मुलाने वाद घातला नाही. त्याने वहीच्या एका पानावर दोन बाजू मांडल्या आणि रात्री त्या वडिलांना वाचून दाखवल्या. एका बाजूस धन्याने केलेला प्रवासाचा आणि परवान्याचा खर्च, शिकवलेले काम आणि तीन वर्षे वेळेवर दिलेला पगार. दुसऱ्या बाजूस थकलेले महिने, नव्या माणसाला शिकवून हिशेब सोपवण्याची तयारी, आणि ‘सुरक्षिततेसाठी’ म्हणून कचेरीच्या तिजोरीत ठेवून घेतलेला पासपोर्ट. शेवटी तो म्हणाला, “बाबा, त्यांचं देणं मी बुडवत नाही. दोन महिने पूर्ण काम करून, सगळं हाती देऊन निघेन. पण त्यांनी माझं पारपत्र का ठेवावं, ते तुम्हीच सांगा.”

वडिलांजवळ उत्तर नव्हते. त्या पानाने त्यांना आपल्याच वहीतील एक पान आठवले. आदल्या वर्षी दुकानातील एक पोऱ्या दापोलीच्या दुकानात गेला होता, आणि त्याचा पंधरा दिवसांचा पगार ‘येऊन घेऊन जाईल’ म्हणून तसाच नावे पडून होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती रक्कम दापोलीस पोहोचती केली आणि मुलास कळवले, “दे सूचना. पण हिशेब पैशापर्यंत चोख दे.”

मुलाने तसेच केले. पासपोर्ट त्याने लेखी मागितला. कामगाराच्या लेखी विनंतीवाचून पासपोर्ट ठेवून घेणाऱ्या धन्यास पंचवीस हजार रियालपर्यंत दंड होऊ शकतो, अशी तरतूद कतारच्या २०१५ च्या कायद्यात आहे. आठ दिवसांत तो हाती आला. सूचनेच्या काळात त्याने एकही दिवस हजेरी चुकवली नाही, कारण कामावर न जाणाऱ्याविरुद्ध ‘पळून गेला’ अशी तक्रार नोंदवली गेली की सरळ माणूसही अडकतो. सेवासमाप्तीची रक्कम, म्हणजे प्रत्येक वर्षामागे किमान तीन आठवड्यांचा मूळ पगार, त्याने हिशेबात दाखवून घेतली. थकलेल्यापैकी एक महिना बुडाला. उरलेले हप्त्याने मिळाले. वाडीत पुन्हा पोफळीची रोपे लागली.

आखातात इतरत्रही नियम सैल झाले आहेत. सौदी अरेबियात मार्च २०२१ पासून ठरावीक अटींवर धन्याच्या संमतीवाचून नोकरी बदलता येते. मात्र घरकामगार त्या सुधारणेबाहेर राहिले. संयुक्त अरब अमिरातीत फेब्रुवारी २०२२ पासून लागू झालेल्या कायद्यात सूचनेची मुदत तीस ते नव्वद दिवस आहे. चाचणीच्या काळात तेथेच दुसरीकडे जावयाचे असल्यास एक महिन्याची सूचना लागते आणि पहिल्या धन्याचा भरतीचा खर्च नव्या धन्याने भरावयाचा असतो.

आपल्या समाजातील अनेक मुले अमेरिकेत एच-१बी व्हिसावर आहेत. तेथे धन्याची संमती लागत नाही. २००० च्या कायद्यामुळे नव्या कंपनीने रीतसर अर्ज दाखल करताच तिच्याकडे काम सुरू करता येते. पण नोकरी आधी सुटली तर नवा अर्ज दाखल होण्यास अधिकात अधिक साठ दिवस मिळतात, आणि परवान्याची मुदत त्याआधीच संपत असेल तर तेवढेही नाहीत. घराचे हप्ते, मुलांची शाळा आणि पत्नीचा अवलंबित व्हिसा ही सारी त्या साठ दिवसांत तोलावी लागतात.

देश कोणताही असो, क्रम चुकवू नये. एका बँकेचे कर्ज दुसरीकडे नेताना नवी मंजुरी हातात आल्याखेरीज कोणी जुने खाते बंद करीत नाही. नोकरीचेही तसेच. आधी नवा लेखी करार, मग नव्या धन्याचा सरकारी अर्ज किंवा मंजुरी, आणि मगच राजीनामा. करार, पगारपत्रके आणि अनुभवाची प्रमाणपत्रे यांच्या प्रती घरी पाठवून ठेवाव्यात. किमान सहा महिन्यांचा खर्च बाजूला असावा. तेथील बँकेचे कर्ज असल्यास नोकरी बदलण्याआधी बँकेस कळवावे. अडचण आलीच तर भारतीय दूतावास आणि परराष्ट्र मंत्रालयाचे ‘मदद’ पोर्टल आहे; तेथे तक्रार नोंदवण्यात कमीपणा नाही.

श्रावकाच्या व्रतांच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ आणि ‘विरुद्धराज्यातिक्रम’ ही नावे आपण लहानपणापासून ऐकतो. खोटे अनुभवपत्र जोडणे हा पहिल्याचा आणि परवाना एकाकडचा असताना काम दुसऱ्याकडे करणे हा दुसऱ्याचा आजचा अवतार आहे. घाईला आलेल्या मुलांनी हे विसरू नये. परंतु अहिंसाणुव्रताचेही अतिचार आहेत : बंध, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. आपण त्यांचा अर्थ गोठ्यातील जनावरापुरता लावून मोकळे होतो. दुसऱ्याचा पासपोर्ट तिजोरीत ठेवणे हा बंधच आहे. एका पगारात दोघांचे काम लादणे हे अतिभारारोपण. आणि महिना भरूनही पगार न देणे म्हणजे कोणाच्या तरी ताटातील अन्न रोखणे.

आपली बहुतेक घरे गादीवर बसणारी आहेत. मुंबईत, सुरतेत, दुबईत आपल्या दुकानांतून आणि पेढ्यांतून दुसऱ्यांची मुले काम करतात. आपला मुलगा परदेशी नोकरीस लागला की धन्याच्या सहीचे वजन प्रथमच पलीकडच्या बाजूने कळते. ते कळल्यावर आपल्याही वहीत कोणाचा पंधरा दिवसांचा पगार नावे पडून आहे का, ते एकदा पाहावे, आणि असल्यास तो माणूस मागण्यास येण्याची वाट पाहू नये.