हौदाचा तडा

सिमेंट ही काही निबंध लिहिण्याजोगी वस्तू नव्हे, असे आम्हांसही परवापरवापर्यंत वाटत होते. लिहावे तर पावसावर लिहावे, आंब्याच्या मोहरावर लिहावे; त्या राखाडी पिठाविषयी काय लिहायचे? परंतु गेल्या वर्षी घरच्या एका हौदाने आमचे डोळे उघडले. त्या हौदाची हकीकत ही आमच्याच एका अपराधाची हकीकत असल्यामुळे ती सांगताना थोडा संकोच वाटतो, तरी सांगतो.

आम्ही म्हणजे आम्ही दोघे भावंडे; एक नववीत, एक दहावीत. आमचे आजोबा गवंडी. बेळगावातील कितीतरी भिंती त्यांच्या ओळंब्याखाली उभ्या राहिल्या. वयामुळे आता ते कामावर जात नाहीत. पण गेल्या मे महिन्यात परसातला हौद त्यांनी हट्टाने स्वतः बांधला. गिलावा पुरा झाला, तेव्हा थापी धुता धुता ते आम्हांस म्हणाले, "माझे काम संपले, आता तुमचे. चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचे. गोणपाट सुकू द्यायचे नाही."

तीन दिवस आम्ही मनापासून पाणी मारले. चौथ्या दिवशी गल्लीत क्रिकेटचे सामने सुरू झाले. हौद तर दगडासारखा कठीण दिसत होता. आता त्याला आणखी पाणी कशाला, असा विचार करून आम्ही बॅट उचलली. आजोबांनी विचारले, तेव्हा "मारले पाणी" असे सांगून मोकळे झालो. जूनमध्ये हौद भरला आणि आठ दिवसांत त्याच्या बाहेरच्या अंगास केसाएवढ्या रेघेतून ओल दिसू लागली. आजोबांनी त्या रेघेवरून बोट फिरवले आणि "पाणी कमी पडले," एवढेच म्हणाले. रागे भरले असते, तर बरे झाले असते.

पुढे हिवाळ्यात आमच्या विज्ञानाच्या सरांनी अणुऊर्जेचा पाठ शिकवला. आपल्या शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, कारवार तालुक्यात, काळी नदीच्या काठी कैगा येथे अणुवीज केंद्र आहे. तेथे प्रत्येकी २२० मेगावॅटच्या ४ अणुभट्ट्या असून पहिली वीज २००० सालाच्या सुमारास मिळू लागली. चुलीला जशी राख, तसा अणुभट्टीलाही कचरा असतोच. आणि त्यातला बराचसा किरणोत्सारी कचरा सिमेंटमध्ये कालवून घट्ट करतात, असे सरांनी सांगितले. रात्री जेवताना आम्ही हे आजोबांच्या कानावर घातले. त्यांचा घास हातातच राहिला. "सिमेंटात? मग त्याला पाणी कोण मारतो?"

आम्ही दोघांनी माना खाली घातल्या. पण तो प्रश्न काही केल्या मनातून जाईना. दुसऱ्या दिवशी आम्ही तो सरांपुढे ठेवला आणि पुढचा महिनाभर मधल्या सुट्टीत त्यांचा पिच्छा पुरवला.

प्रथम हे समजले की सगळा कचरा सारखा नसतो. वापरलेल्या इंधनावर प्रक्रिया केल्यावर जे अतितीव्र द्रव्य उरते, ते सिमेंटला झेपत नाही. ते काचेत वितळवून बंदिस्त करतात. तारापूर आणि तुर्भे येथे अशी कामे झाली आहेत. सिमेंटच्या वाट्याला येतो तो सौम्य आणि मध्यम कचरा: यंत्रे धुतलेले पाणी आटवून उरलेला गाळ, गाळण्या, पाणी शुद्ध करणारे राळेचे बारीक मणी. असा ओला कचरा तसाच ठेवला, तर सांडेल, झिरपेल. म्हणून पिंपात तो सिमेंटबरोबर कालवतात. असे पिंप बहुधा २०० लिटरचे असते. काही काळाने त्याचा आत एकसंध दगड होतो.

हा दगड होतो कसा? सिमेंट वाळून घट्ट होते, अशी आमची समजूत होती. ती साफ चुकीची निघाली. सिमेंट वाळत नाही. ते पाणी पिते. त्यातली चुना आणि वाळूतत्त्व यांची संयुगे पाण्याशी मिळून सूक्ष्म तंतूंचे जाळे विणतात, आणि हे विणकाम दिवसेंदिवस, महिनेन् महिने चालू असते. आमच्या हौदाचे विणकाम आम्ही चौथ्या दिवशीच उपाशी ठेवले होते! पिंपाला मात्र झाकण असते. आतले पाणी आतच राहते, त्यामुळे वरून पाणी मारावे लागत नाही. आजोबांच्या प्रश्नाचे हे पहिले उत्तर.

घट्ट झालेले सिमेंट अतिशय क्षारधर्मी असते. त्या क्षारात अनेक धातू विरघळत नाहीत, साका होऊन जागीच बसतात. म्हणजे सिमेंट नुसती भिंत नव्हे, ते पकडूनही ठेवते. पण सीझियम नावाचे द्रव्य मोठे चपळ. ते पाण्याबरोबर सहज निसटते. त्याला धरण्यासाठी सिमेंटमध्ये विशिष्ट जातीची माती मिसळावी लागते. काही अणुभट्ट्यांच्या कचऱ्यात बोरिक आम्ल असते. ते सिमेंटला घट्टच होऊ देत नाही, मग चुन्याची भर घालावी लागते. राळेचे मणी पाण्याने फुगतात आणि दगडाला आतून तडे पाडू शकतात. पाणी जास्त झाले, तर घट्ट झाल्यावर बारीक छिद्रे राहतात आणि तीच पुढे गळतीची वाट होते. हे ऐकून आजोबा खुलले. "अरे, हे तर आमचेच शास्त्र! माल पातळ केला की काम गेले. आणि सिमेंटात साखर पडू द्या, ते धरणारच नाही." मोठमोठ्या प्रयोगशाळांतील सिद्धान्त आमच्या आजोबांच्या घमेल्यात पन्नास वर्षे कालवला जात होता, याचा आम्हांस तेव्हा किती अभिमान वाटला!

परंतु खरा प्रश्न पुढेच होता. हा दगड किती वर्षे टिकावा लागतो? सीझियमचा जो मुख्य किरणोत्सारी प्रकार या कचऱ्यात असतो, त्याचे बळ सुमारे ३० वर्षांत निम्मे होते. ६० वर्षांत पाव, ९० वर्षांत दोन आणे. असे दहा वेळा निम्मे केले की हजारातला एखादा भाग उरतो; त्याला ३०० वर्षे लागतात. आपल्या देशात ही पिंपे केंद्राच्या आवाराजवळच जमिनीतल्या काँक्रीटच्या खंदकांत ठेवतात आणि भोवती विहिरी खोदून त्यांचे पाणी तपासत राहतात. फ्रान्समध्ये समुद्रकाठी ला मांश येथे १९६९ ते १९९४ पर्यंत असा कचरा साठवला. आता तेथे भर पडत नाही, पण पहारा चालूच आहे.

तीनशे वर्षे! पहिल्या बाजीरावांना पेशवाईची वस्त्रे १७२० साली मिळाली. त्यांच्या काळी कोणी एक पिंप पुरून "याच्याकडे लक्ष ठेवा" असे सांगितले असते, तर मराठेशाही गेली, इंग्रज आले आणि गेले, तरी तो निरोप आपल्यापर्यंत पोहोचला असता काय? आणि आधुनिक सिमेंटचे वय तरी किती? पोर्टलंड सिमेंटचे पहिले पेटंट १८२४ सालचे. म्हणजे ज्याच्यावर ३०० वर्षांचा भरवसा ठेवायचा, ते स्वतः दोनशे वर्षांचे आहे. शिवकालीन सिंधुदुर्गाचा तट १६६४ पासून समुद्राच्या लाटा झेलत आहे खरा. परंतु त्याचीही डागडुजी माणसांनाच करावी लागते.

हे आम्ही आजोबांना सांगितले, तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे पाणी मारायचे नसले, तरी बघायला माणूस लागतोच. आणि त्याने 'बघितले' म्हणून खोटे सांगून चालायचे नाही."

त्यांचा रोख आमच्यावर नसेलही. पण त्या क्षणी आम्हांस आमचा सगळा अपराध उमगला. आम्ही जिथे अभ्यास करतो, त्या दिव्यात कैगाच्या विजेचाही वाटा असतो. उजेड आमचा आणि पहारा मात्र दुसऱ्या कोणाचा, असे म्हणून आमच्या पिढीला सुटता येणार नाही. विहिरीचे पाणी तपासणारे, नोंद लिहिणारे आणि ती नोंद खरी लिहिणारे हात पिढ्यान् पिढ्या लागणार आहेत. ते याच शाळांतल्या बाकांवरून जाणार आहेत.

त्या रात्री आम्ही आजोबांना क्रिकेटची खरी गोष्ट सांगितली. "मला तेव्हाच कळले होते," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी हौद रिकामा करवला, तडा खरवडून काढला आणि नवा माल आमच्याच हातून भरून घेतला. त्यावर आम्ही चौदा दिवस पाणी मारले. सामने तेव्हाही चालू होते.